'तण' आणि 'तृण' : वाशिम जिल्ह्यातील माळराने व तणनिर्मूलनाची दृष्टी (एक चिकित्सा)

प्रस्तावना

मृगाचा पाऊस पडून पंधरवडा उलटतो न उलटतो तोच वाशिम जिल्ह्यातील ई-क्लास जमिनी, रस्त्यांच्या कडा, शेतांचे धुरे आणि शाळा-महाविद्यालयांची मैदाने गाजरगवताने हिरवी दिसू लागतात. ऑगस्टमध्ये या हिरव्या पट्ट्यांवर बारीक पांढरी फुले येतात. साधारणपणे त्याच सुमारास ठिकठिकाणी तणनिर्मूलनाचे कार्यक्रम होतात, जागा मोकळ्या होतात आणि कार्यक्रमाचे अहवाल तयार होतात. पुढच्या मृगानंतर त्याच जागेवर तेच तण पुन्हा उभे राहते. हा अनुभव इतका नेहमीचा झाला आहे की त्यामागचे कारण शोधण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही.

या अपयशाचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, तणाचे बी अमाप असते आणि निर्मूलनाचे प्रयत्न अपुरे पडतात. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही. मात्र ते अर्धे आहे. तण उपटल्यानंतर मोकळ्या झालेल्या जमिनीवर काय उगवावे, याचा विचार निर्मूलनाच्या कार्यक्रमात नसतो. तण दिसते, परंतु त्या जागी पूर्वी असलेले आणि पुन्हा येऊ शकणारे गवत दिसत नाही. प्रस्तुत लेखात या दृष्टिदोषाची चिकित्सा केली आहे. माळरानावरील तणाचा प्रश्न हा मुळात गवत हरवल्याचा प्रश्न आहे, आणि म्हणून तणनियंत्रणाचे यश उपटलेल्या तणावरून न मोजता परत आलेल्या गवतावरून मोजले पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

या चिकित्सेसाठी वाशिम जिल्ह्याची निवड सयुक्तिक ठरते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांच्या या पठारी प्रदेशातून पैनगंगा, अडाण, अरुणावती, काटेपूर्णा या नद्या वाहतात. काळ्या जमिनीवर सोयाबीन, तूर व कापूस आणि खडकाळ उतारांवर गवताळ माळ अशी येथील भूमीची ढोबळ विभागणी आहे. कारंजा तालुक्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य २००० साली घोषित झाले. सुमारे १८ चौरस किलोमीटरचे हे लहानसे क्षेत्र काळविटांसाठी राखलेले आहे. घनदाट जंगलाऐवजी उघड्या माळाला अभयारण्याचा दर्जा मिळाल्याचे हे विदर्भातील महत्त्वाचे उदाहरण होय.

'तण' या शब्दाचा प्रवास

'तण' हा शब्द संस्कृत 'तृण' या शब्दापासून आला आहे. 'तृण' म्हणजे गवत. आजच्या मराठीत मात्र 'तण' म्हणजे पिकात न पेरता उगवलेली, नकोशी वनस्पती. मूळ अर्थ पूर्णपणे लोपलेला नाही. तणमोर या पक्ष्याच्या नावात तो शाबूत आहे. हा पक्षी उंच गवतात राहतो, पावसाळ्यात विणीच्या काळात त्याचा नर गवताच्या वर उड्या घेत मादीला साद घालतो आणि मादी जमिनीवरच अंडी घालते. त्याच्या नावातील 'तण' म्हणजे गवत. माळढोकाच्या नावातही त्याचा अधिवास असाच नोंदला गेला आहे. लोकभाषेने पक्ष्यांना नावे देताना माळ आणि गवत यांची दखल घेतली होती.

शेतीच्या परंपरागत व्यवहारातही 'तण' हा शब्द शत्रुवाचक नव्हता. पिकात जे तण ठरे, तेच धुऱ्यावर चारा ठरे. निंदणात निघालेले गवत भारा बांधून गोठ्यात नेले जाई. म्हणजेच तण ही वनस्पतीची जात नसून जागेशी जोडलेला संबंध होता. पिकासाठी अडचण आणि बैलासाठी वैरण अशी दोन्ही रूपे एकाच वनस्पतीची असू शकत.

गाजरगवताच्या आगमनाने हा संबंध मोडला. ही वनस्पती पिकातही नको आणि गोठ्यातही नको. गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत आणि नाइलाजाने खाल्लीच तर दुधाला कडवट चव येते. वस्तुतः गाजरगवत हे गवत नव्हेच. ते सूर्यफूल आणि झेंडू यांच्या कुळातील आहे; पाने गाजराच्या पानांसारखी असल्यामुळे तिला हे नाव पडले. त्यामुळे भाषेत एक चमत्कारिक उलटापालट झालेली दिसते. जे मुळात गवत होते, त्याच्या नावाला 'तण' हा हीन अर्थ चिकटला. आणि जे गवत नव्हते, ते 'गवत' म्हणून ओळखले जाऊ लागले.

शब्दांच्या या गोंधळामुळे माळ उजाड झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पाहण्याची सवय कोठे बदलली, याची खूण शब्दांत सापडते. 'गवत काढले', 'माळ साफ केला', 'परिसर स्वच्छ केला' या वाक्यप्रयोगांत मारवेल आणि गाजरगवत एकाच ढिगात जातात. गवतकापणी यंत्र तर दोहोंत कोणताच भेद करीत नाही. भेद करायचा तो माणसाने, आणि त्यासाठी त्याला दोन्ही वनस्पती ओळखता आल्या पाहिजेत. गाजरगवत आज शाळकरी मुलालाही ओळखता येते. मारवेल, पवन्या, कुसळी, तिखाडी ही नावे मात्र चराईशी संबंध राहिलेल्या माणसांकडेच उरली आहेत.

आगमनाची आख्यायिका आणि कालक्रम

या वनस्पतीचे दुसरे प्रचलित नाव 'काँग्रेस गवत'. तत्कालीन काँग्रेस सरकारच्या काळात अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेखाली आलेल्या गव्हाबरोबर तिचे बी भारतात आले, ही या नावामागची सर्वपरिचित कथा आहे. पांढऱ्या फुलांमुळे गांधी टोपीची आठवण होते म्हणून हे नाव पडले, असेही सांगितले जाते. गाजरगवतावरील मराठी माहितीपर लेखनात पहिली कथा बहुधा निःशंकपणे दिली जाते. कालक्रम तपासला असता ती इतकी सरळ ठरत नाही.

गाजरगवत ही भारतासाठी नवी नोंद असल्याचे राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. ती नोंद पुण्यातील होती. पीएल-४८० अन्वये भारताचा पहिला करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे करारानुसार गहू येण्याच्या सुमारास ही वनस्पती पुण्यात रुजून फुलत होती. अमेरिकी धान्य त्याआधी, १९५१ च्या गहू-कर्जाच्या निमित्ताने, भारतात आलेले होते. तेव्हा आयात धान्यातून बी आले ही शक्यता बळकट राहते. मात्र ते एका विशिष्ट योजनेच्या माथी मारण्यास कालक्रमाचा आधार मिळत नाही.

येथे तपशिलाचा काटेकोरपणा दाखवणे एवढाच हेतू नाही. या आख्यायिकेने एक सोयीस्कर विचारपद्धती रूढ केली. संकट बाहेरून आले, कोणीतरी आणले, म्हणून ते हाकलून लावणे हाच उपाय, अशी ती पद्धती होय. बी बाहेरून आले हे खरे आहे. मध्य अमेरिका आणि मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा प्रदेश हे या वनस्पतीचे मूळ घर आहे. परंतु आलेल्या बीला रुजायला उघडी जमीन कोणी दिली, हा प्रश्न आख्यायिकेत येत नाही आणि म्हणून निर्मूलनाच्या कार्यक्रमातही येत नाही.

चराई आणि तण : कार्यकारणाचा क्रम

भारतीय द्वीपकल्पावरील गवताळ प्रदेशांचे वर्गीकरण दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये केले. त्यानुसार वऱ्हाडातील माळ पवन्या आणि मारवेल या गवतांच्या वर्गात मोडतात. ही बहुवर्षायू, सकस, गुरांना आवडणारी गवते होत. त्यांच्यावर चराईचा ताण वाढला की ती मागे पडतात आणि कुसळीसारखी टणक गवते पुढे येतात. ताण तसाच राहिला तर आखूड आयुष्याची, निकस गवते उरतात, आणि अखेरीस उघडी जमीन दिसू लागते. गाजरगवत, तरोटा, रानतुळस यांचा शिरकाव या घसरणीच्या शेवटच्या पायऱ्यांवर होतो.

एकदा तण शिरले की चराई त्याच्याच बाजूने काम करते. गुरे गवत वेचून खातात आणि तण सोडून देतात. प्रत्येक चरणीनंतर गवत थोडे खुजे होते, तणाला थोडा अधिक उजेड मिळतो. गाजरगवताचे एक जोमदार झाड १० ते १५ हजार बिया देऊ शकते. बी हलके असते. वारा, वाहते पाणी, गुरांचे खूर, वाहनांची चाके आणि बांधकामासाठी हलवलेली माती यांबरोबर ते पसरते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून गेला आहे. अशा मोठ्या कामांत जेथे मुरूम उकरला आणि माती टाकली जाते, तेथे या वनस्पतीला आयती जागा मिळते. जेथे गवताचे थोंब दाट आहेत, तेथे मात्र हेच बी रुजण्यास धडपडते. तण हे रोगाचे कारण असण्यापेक्षा रोगाचे लक्षण अधिक आहे, असे यावरून म्हणता येईल.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांताचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथे १९६० मध्ये टेक्सासहून आणलेल्या कुरणाच्या बियाण्यातच गाजरगवताचे बी मिसळलेले होते. म्हणजे कुरण सुधारण्याच्या प्रयत्नातूनच तण आले. तेथील कुरणांवर त्याचा प्रादुर्भाव जेथे अतिचराई झाली तेथे सर्वाधिक दिसला. परिणामी तेथील व्यवस्थापनाचा भर कीटक आणि रसायनांच्या जोडीने कुरणाला विश्रांती देण्यावर आणि गुरांची संख्या गवताच्या मानाने ठेवण्यावर राहिला. आपल्याकडील माहितीपत्रकांत यातील कीटक आणि रसायने आली. कुरणाची विश्रांती मात्र क्वचितच आली.

निर्मूलनाच्या पद्धतींची तपासणी

प्रचलित उपायांचा माळरानाच्या दृष्टीने विचार केल्यास प्रत्येकाची उपयुक्तता आणि मर्यादा स्पष्ट होते.

हाताने उपटणे हा सर्वांत विश्वासार्ह उपाय होय. मात्र तो फुले येण्यापूर्वी आणि जमीन ओली असताना, मुळासकट झाला पाहिजे. बी रुजल्यापासून चार ते सहा आठवड्यांत गाजरगवताला फुले येऊ शकतात. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. वाशिममध्ये जूनच्या मध्यास पाऊस सुरू झाला असेल, तर त्या आठवड्यापर्यंत पहिल्या पिढीने फुले धरून बी टाकायलाही सुरुवात केलेली असते. जागृतीसाठी हा काळ योग्य असेल; नियंत्रणासाठी वऱ्हाडात तो उशिराचा आहे. फुललेली झाडे उपटून ढीग लावणे किंवा ओढत नेणे म्हणजे बियांची पेरणी होय. शिवाय या वनस्पतीच्या संपर्काने त्वचेचा दाह आणि परागकणांमुळे श्वसनाचा त्रास होतो. हातमोजे न देता विद्यार्थ्यांना या कामास लावणे कोणत्याही सामाजिक हेतूने समर्थनीय ठरत नाही.

रसायनांच्या बाबतीत माळ आणि पडीत जागा यांत भेद करावा लागतो. ग्लायफोसेट सर्वच हिरवे मारते, म्हणजे तणाबरोबर गवतही. २०२२ मध्ये केंद्र शासनाने त्याच्या वापरावर निर्बंध आणून तो परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. टू-फोर-डी हे रुंद पानांच्या वनस्पतींवर परिणाम करते आणि गवताला बहुतांशी वाचवते. कुरणासाठी ते सोयीचे वाटते. परंतु वऱ्हाडात माळाला लागून कापूस, तूर, सोयाबीन ही रुंद पानांचीच पिके असतात. कापूस तर या रसायनाच्या वाऱ्याबरोबर आलेल्या फवाऱ्यालाही अतिशय संवेदनशील आहे. त्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, ही घटना विसरता येत नाही. सार्वजनिक माळावर फवारणीचा धोका शेवटी फवारणाऱ्या मजुराच्या आणि चरणाऱ्या जनावराच्या वाट्याला येतो.

जैविक नियंत्रणासाठी मेक्सिकन भुंगा १९८३ मध्ये भारतात आणला गेला आणि १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला. त्याचे प्रौढ आणि अळ्या दोन्ही गाजरगवताची पाने खातात. सूर्यफुलाच्या पानांवरही तो आढळल्याने पुढे वाद झाला. तपासणीअंती सूर्यफुलास गंभीर धोका नसल्याचा निष्कर्ष निघाला. हा भुंगा पावसाळ्यात सक्रिय असतो आणि कोरड्या काळात जमिनीत सुप्त राहतो. जेथे त्याची संख्या वाढते तेथे तण निष्पर्ण होते, पण पहिल्या पावसाबरोबर उगवलेली रोपे त्याची संख्या वाढण्याआधीच पुढे निघून जातात. भुंगा तणाला दुर्बळ करतो. त्या दुर्बळतेचा लाभ घेण्यास शेजारी गवत असेल तरच माळाचे हित होते.

स्पर्धक वनस्पतींचा उपाय सर्वाधिक चिकित्सेस पात्र आहे. तरोटा आणि त्याच्याच गणातील, अमेरिकेतून आलेली एकपुष्पी तरोट्याची जात यांचे बी टाकून गाजरगवत हटवण्याची शिफारस महाराष्ट्र-कर्नाटकात झाली. काही ठिकाणी गाजरगवत हटलेही. परंतु हिरव्या तरोट्याला गुरे तोंड लावत नाहीत. पावसाच्या सुरुवातीला त्याच्या कोवळ्या पानांची भाजी वऱ्हाडात आवडीने खाल्ली जाते, हे खरे. पण ती माणसांची सोय झाली. रस्त्याच्या कडेला किंवा वस्तीजवळ हा उपाय आरोग्याच्या दृष्टीने योग्य असू शकतो. माळावर मात्र त्याचा अर्थ एका अखाद्य वनस्पतीच्या जागी दुसरी अखाद्य वनस्पती आणणे एवढाच होतो. गुराख्याच्या हिशेबात काहीच बदललेले नसते. ज्या उपायाने तण कमी होते पण चारा वाढत नाही, त्याला कुरणाचा उपाय म्हणता येणार नाही.

घाणेरी, म्हणजे टणटणी, हिच्याबाबतही हाच दोष आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आलेले हे झुडूप गुरांच्या यकृतास घातक आहे. ते वरून छाटले की बुंध्यापासून अधिक जोमाने फुटते. खोड आणि मूळ यांच्या सांध्याखाली घाव घालून ते काढावे लागते. काढल्यानंतरही झुडपांवर बसणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पुन्हा येते. त्यामुळे एका वर्षाच्या निधीतून झालेली सफाई दुसऱ्या वर्षीच्या पाठपुराव्याविना वाया जाते.

'पडीक' ही संज्ञा आणि वृक्षलागवड

तणाच्या प्रश्नामागे आणखी एक शब्द उभा आहे, तो म्हणजे 'पडीक'. राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेच्या सहकार्याने २००० साली प्रसिद्ध झालेल्या देशाच्या पडीक भूमीच्या नकाशासंग्रहात झुडपी आणि उघड्या जमिनींचे वर्ग आहेत. गवताळ माळांचा मोठा भाग अशा वर्गांत जातो. एकदा जमीन पडीक ठरली की तिचा 'विकास' करणे क्रमप्राप्त होते, आणि आपल्याकडे विकासाचा सर्वांत सोपा अर्थ वृक्षलागवड असा आहे. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात दर पावसाळ्यात कोट्यवधी रोपांचे उद्दिष्ट ठेवून मोहिमा झाल्या. २०१९ चे उद्दिष्ट ३३ कोटींचे होते. झाडे लावण्यास विरोध करण्याचे कारण नाही. परंतु माळावर खड्डे खणले की गवताचे जुने थोंब उखडले जातात, माती उलटते आणि तणाला जागा मिळते. सावली वाढली की उन्हाची गवते मागे हटतात.

गुजरातमधील बन्नी कुरणाची कथा या बाबतीत इशारा देते. रणाचा विस्तार रोखण्यासाठी १९६० च्या सुमारास तेथे वेडी बाभूळ मोठ्या प्रमाणावर लावली गेली. तिच्या शेंगा गुरांनी खाल्ल्या, शेणातून बी पसरले आणि पशुपालकांचे नामांकित कुरण काटेरी झुडपांनी व्यापले. आजचे आक्रमक तण हे कालचे विकासकार्य असू शकते, हे यातून दिसते. अर्थात त्याच वेड्या बाभळीने अनेक गरीब घरांच्या चुली पेटवल्या आणि कोळशाचा रोजगार दिला, हेही नमूद केले पाहिजे. उपद्रवी वनस्पतीलाही आश्रित असतात. ती काढताना त्यांचा विचार न करणे हे धोरणाचे अपुरेपण ठरते.

मधुसूदन आणि अबी वनक यांच्या २०२२ मधील नकाशा-अभ्यासानुसार निमशुष्क प्रदेशातील अशा खुल्या नैसर्गिक परिसंस्था देशाच्या सुमारे दहा टक्के भूभागावर आहेत आणि त्यांचा पाच टक्क्यांहून कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो. तणमोराचा समावेश २०२१ पासून जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाला आहे. अकोला-वाशिम परिसरातील माळांवर त्याच्या नोंदी झालेल्या आहेत. ज्या जमिनीला सरकारी भाषा पडीक म्हणते, तिच्यावर हा पक्षी वंशवृद्धीसाठी अवलंबून आहे.

माळाचे जाणकार

गवताची ओळख ज्यांच्याकडे आहे असे समाज या जिल्ह्यात आहेत. धनगर आणि गवळी हे पशुपालक समाज, मानोरा तालुक्यातील पोहरादेवीशी श्रद्धेने जोडलेला आणि एकेकाळी बैलांच्या तांड्यांवर मालवाहतूक करणारा बंजारा समाज, आणि फासेपारधी समाज यांच्या उपजीविकेचा माळाशी जवळचा संबंध राहिला. फासेपारध्यांना आधी १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये तो कलंक कायद्यातून गेला. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांची शिकार बेकायदा ठरली. त्यांचे ज्ञान मात्र ग्राह्य धरले गेले नाही. कारंजा येथील संवेदना या संस्थेने या समाजाबरोबर माळरान आणि तणमोर यांच्या संवर्धनाचे काम उभे केले. पक्षी कोठे बसतो, कोणते गवत केव्हा वाढते, हे जाणणारा माणूस पहारेकरी होऊ शकतो, ही त्या कामामागची जाण मोलाची आहे.

अमरावती जिल्ह्यातील मेळघाटचे उदाहरणही अभ्यसनीय आहे. तेथे २००० नंतर काही गावांचे पुनर्वसन झाले आणि सोडलेल्या शेतांवर प्रथम तण माजले. चिखलदरा येथील महाविद्यालयात अध्यापन केलेले गवत-अभ्यासक गजानन मुरतकर यांनी अशा जागी कुरणे उभी करण्याच्या कामात वनकर्मचाऱ्यांना मार्गदर्शन केले. त्यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम खाद्य आणि अखाद्य वनस्पतींची ओळख, मग फुलण्यापूर्वी तण काढणे आणि त्याबरोबरच चांगल्या गवतांचे बी राखून ते पसरवणे. येथे तण काढणे ही गवत आणण्याची एक पायरी आहे.

अभयारण्यात हे शक्य होते. गावाच्या गायरानावर ते कठीण आहे, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. कुरणाला विश्रांती द्यायची म्हणजे काही काळ चराई बंद करायची. ज्याच्याकडे शेत आहे त्याला सोयाबीनचे कुटार आणि कडबा मिळतो. भूमिहीन शेळीपालकाला मिळत नाही. शिवाय गायरानाकडे भूमिहीनांनी कसण्याची जमीन म्हणूनही पाहिले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांमागे हीच न्याय्य भूक होती. दुसऱ्या बाजूने २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी राखण्याचा आदेश दिला. कुरण राखण्याच्या नावाखाली सर्वांत दुर्बळ घटकाला हुसकणे हा तणनियंत्रणाचा मार्ग असू शकत नाही. संपूर्ण माळ बंद न करता त्याचे भाग पाडून आळीपाळीने विश्रांती देणे, राखलेल्या भागातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीन पशुपालकांना देणे आणि तण उपटण्याच्या कामाची मजुरी त्यांनाच मिळणे, अशी व्यवस्था ग्रामसभेला बसवता येईल.

महाविद्यालयांचा वाटा

राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून तणनिर्मूलनाच्या कार्यक्रमांत महाविद्यालये सातत्याने सहभागी होत आली आहेत. म्हणून ही चिकित्सा त्यांनाही लागू पडते. या कार्यक्रमांच्या अहवालात सहभागी विद्यार्थ्यांची संख्या, स्वच्छ केलेला परिसर आणि छायाचित्रे असतात. पुढील वर्षी त्या जागेवर काय उगवले, याची नोंद नसते. ज्या उपक्रमाचा परिणाम कधीच मोजला जात नाही, तो दर वर्षी तसाच यशस्वी ठरतो.

यात बदल करणे अवघड नाही. ऑगस्टचा कार्यक्रम जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, फुलांपूर्वी घेता येईल आणि सप्टेंबरमध्ये दुसरी फेरी करता येईल. एक मीटर लांबी-रुंदीची चौकट घेऊन ठरावीक दहा जागी तण आणि गवत यांची गणना जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये करणे हे पदवीच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. पावसाळा संपता संपता पवन्या आणि मारवेल यांचे पक्व बी गोळा करून पुढील मृगात त्याच जागी टाकता येईल. वनस्पतिशास्त्र विभागाने गणना करावी, भूगोल विभागाने ई-क्लास जमिनींचे नकाशे करावेत, अर्थशास्त्र विभागाने गावातील गुरे आणि चाऱ्याचा हिशेब मांडावा, आणि मराठी विभागाने गुराख्यांकडून व वृद्ध स्त्रियांकडून गवतांची स्थानिक नावे नोंदवून घ्यावीत. यातील शेवटचे काम सर्वांत तातडीचे आहे, कारण नावे सांगणारी माणसे वृद्ध होत आहेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, माळरानावरील आक्रमक तण हे गवताच्या ऱ्हासाचे कारण असण्याबरोबरच, आणि त्याहून अधिक, त्या ऱ्हासाचा परिणाम आहे. दोन, हाताने उपटणे, रसायने, भुंगा आणि स्पर्धक वनस्पती या चारही उपायांचे मूल्य ते गवताला किती जागा मिळवून देतात यावरून ठरवावे लागेल. तीन, 'पडीक' या संज्ञेखाली माळावर होणारी सरसकट वृक्षलागवड तणाला पोषक ठरू शकते. चार, चराईच्या नियमनाचा भार भूमिहीनांवर पडणार नाही अशी व्यवस्था नसेल, तर कोणताही उपाय टिकणार नाही. पाच, महाविद्यालयीन कार्यक्रमांचा काळ आणि मोजमाप दोन्ही बदलण्याची गरज आहे.

कारंजा-सोहोळच्या माळावर काळवीट चरते ते गवत, आणि गावच्या ई-क्लासवर गाय शोधते ते गवत, एकच आहे. ते कोणते आणि आज किती उरले आहे, याची गावनिहाय यादी जिल्ह्यातील महाविद्यालयांना एका पावसाळ्यात तयार करता येईल. तणनियंत्रणाच्या पुढील कामाची सुरुवात त्या यादीपासून व्हावी.